नाव घातलेली पेशी

कैवल्य झांबरे हा सात वर्षांचा मुलगा मिरजेच्या जनुकोपचार केंद्राच्या दृष्टीने फार मोठा माणूस होता. जन्माला येण्याच्या चार महिने आधीच दुरुस्त झालेला तो केंद्राचा पहिला रुग्ण. दर एप्रिलमध्ये आई त्याला तासगावहून घेऊन येई. तो प्रयोगशाळेतल्या फिरत्या खुर्चीवर बसून स्वतःला गरागरा फिरवून घेई, रक्त काढताना छताकडे बघत राही, आणि त्याचा अहवाल त्या तीन मजली इमारतीतल्या माणसांना वर्षभर पुरेल एवढा आनंद देऊन जाई.

यंदा मंगळवारी मात्र दोन नळ्या घेतल्या होत्या. एक कैवल्यची आणि दुसरी त्याची आई कोमल हिची. दुपारी वाचनयंत्राने दोन्हींचा निकाल दिला तेव्हा केंद्राची मुख्य पेशीतज्ज्ञ वृषाली चौगुले हिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, निकाल पुन्हा वाचला आणि ती संचालकांच्या खोलीत गेली.

"सर, आईच्या नळीत आपलं नाव निघालंय."

डॉ. इर्शाद नदाफ कुठलीही बातमी आधी खोटी धरत आणि मग खरी करून घेत. ते म्हणाले, "नळ्या बदलल्या असतील."

ते 'नाव' काय होते हे समजायला आठ वर्षे मागे जावे लागेल.

कोमलच्या माहेरी मज्जाक्षय पिढीजात होता. हाडांच्या आतली मज्जा रक्त बनवते. या रोगात ती हळूहळू थकते आणि एक दिवस काम थांबवते. कोमलच्या आजोबांना तो साठीत झाला, आईला चाळिशीत, आणि खुद्द कोमलला पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याची पहिली चाहूल लागली. असा दर पिढीला तो लवकर येत होता. पोटातल्या बाळाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की या मुलाला दोन वर्षेही मिळतील असे वाटत नाही.

कारण साधे होते. पेशीची दोन पेशींत विभागणी होते तेव्हा तिच्या गुणसूत्रांची टोके दर वेळी थोडी झिजतात. पदराला पिको केला नसेल तर धुता धुता धागे निघत जातात, तसेच ते. मज्जेतल्या मूलपेशींना आयुष्यभर विभागत राहायचे असते, म्हणून त्यांच्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते, जे झिजलेल्या टोकांना पुन्हा पिको करून देते. कोमलच्या कुळात या विकराच्या जनुकात एकच अक्षर चुकलेले होते. तीनशे कोटी अक्षरांत एक. त्यामुळे पिको अर्धवट होई, आणि आईकडून मुलाला मिळणारी गुणसूत्रे आधीच विरलेली असत.

ते अक्षर सुधारायचे तर तीन गोष्टी लागत होत्या. एक वाटाड्या, म्हणजे वीस अक्षरांचा पत्ता पाठ असलेला आरएनएचा तुकडा. दुसरे, वाटाड्याचे बोट धरून जाणारे आणि त्या पत्त्यावर डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकालाच बारीक चीर देणारे विकर. आणि तिसरी लेखणी. वाटाड्याच्या शेपटीला एक कित्ता जोडलेला असतो. तो पाहून ही लेखणी चिरलेल्या जागी बरोबर मजकूर लिहिते. पुढचे काम पेशी स्वतःच करते. दोन धाग्यांचा मजकूर जुळत नाही असे दिसले की तिची डागडुजीची यंत्रणा जुना धागा काढून नव्याबरहुकूम लिहून टाकते. वृषाली वीस वर्षे हे बघत होती, तरी दर वेळी तिला वाटे की आपण फक्त चिठ्ठी आत सरकवली, घर सावरले ते घरातल्यांनीच.

कित्ता तयार करताना तिने हट्ट धरला होता.

"सर, आणखी तीन अक्षरं बदलू."

"कशाला? एक चूक काढायला जाऊन तीन करायच्या?"

"अर्थ बदलत नाही. विकर म्हणजे मण्यांची माळ, आणि एकेका मण्यासाठी डीएनएत दोन-दोन, चार-चार शब्द आहेत. 'आई' लिहिलंय तिथं 'माय' लिहायचं. विकर तेच बनेल. पण या जागी हे तीन शब्द असे ओळीनं जगात कुणाच्याही पेशीत नाहीत. भांड्यावर नाव घालतात ना, तसं. पुढं या पेशी कुठं सापडल्या तर आपल्या म्हणून ओळखू येतील."

"कुठं जाणार आहेत त्या?" नदाफांनी विचारले होते.

"भांडी कुठं जातात, सर?"

पाचव्या महिन्यात बाळाचे रक्त यकृतात बनत असते आणि मूलपेशी तिथून बिऱ्हाड हलवून हाडांत राहायला जात असतात. हाडे रिकामी असतात, हव्या तेवढ्यांना जागा असते. त्या आठवड्यात नाळेतल्या शिरेतून औषध गेले. वाटाड्या, विकर आणि लेखणी मेदाच्या इवल्या कुप्यांत भरलेली होती. जन्माच्या वेळी कैवल्यच्या शंभरातल्या तीस पेशींवर नाव होते. थकणाऱ्या थकत गेल्या, न थकणाऱ्या वाढत गेल्या. आता शंभरात शहाण्णव होत्या.

कोमलसाठी असे काही करता आले नव्हते. मोठ्या माणसाची हाडे जुन्या भाडेकरूंनी भरलेली असतात. नव्याला जागा करायची तर आधी जहाल औषधाने जुनी मज्जा जाळावी लागते, आणि मज्जाक्षयाच्या रुग्णाला ती आग सोसत नाही. तरी आठ महिन्यांपूर्वी तिचे रक्त सहावर आले तेव्हा दुसरा मार्ग उरला नाही. पुण्याच्या एका रुग्णालयात भावाची अर्धी जुळणारी मज्जा घालायचे ठरले आणि नंबर लावला गेला. तिला येत्या सोमवारी दाखल व्हायचे होते. जगण्याची शक्यता निम्मी, असे तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते.

मंगळवारी सकाळी ती आली तेव्हा स्टीलच्या डब्यातून बेदाणे घेऊन आली होती. तिचा नवरा सयाजी बेदाण्याच्या शेडवर मुकादम होता आणि दर वर्षी हा डबा ठरलेलाच होता.

"यंदा जरा काळा पडलाय, अवकाळी लागला त्याला. गोड हाय पण," ती म्हणाली. "आन् मागल्या साली दिलेला डबा राहिलाय तुमच्याकडं, मॅडम. नाव हाय त्याच्यावर."

वृषालीने शोधून ठेवते असे कबूल केले.

"सोमवारच्या आधी बघा. नंतर मी कुठं असंन काय ठावं." हे ती चहात साखर कमी आहे म्हणावे तशा सुरात म्हणाली. "कैवल्यसाठी नणंदेच्या गावची शाळा बघून ठेवलीय. मास्तर बरे हायत."

कैवल्य खुर्चीवर फिरत होता. वृषालीने तिचेही एक नळी रक्त काढून घेतले. पुण्याला पाठवायच्या कागदांत ताजा आकडा असावा, एवढाच हेतू होता.

आणि त्या नळीत हिमोग्लोबिन अकरा निघाले, बिंबिका म्हणजे प्लेटलेट दीड लाख, आणि शंभरातल्या एकेचाळीस पेशींवर नाव.

"नळ्या बदलल्याच असणार," नदाफ म्हणाले. त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. दोन्हींवर यंत्राने 'झांबरे के. एस.' असेच छापले होते. "बघा. कोमल सयाजी आणि कैवल्य सयाजी. नवऱ्याचं नाव बायकोच्या मागं, बापाचं मुलाच्या मागं. हे यंत्र बनवणाऱ्याला आपल्याकडची पद्धत कुठली माहीत असायला."

"बदलल्या असत्या तर एकीत सहा हिमोग्लोबिन निघायला हवं होतं, सर. दोन्ही चांगल्या आहेत. आणि मुलाच्या शहाण्णव, हिच्या एकेचाळीस."

"मग मुलाचं रक्त आईच्या नळीत मिसळलं."

"मी स्वतः काढलंय."

"माणूस स्वतःच चुकतो, वृषालीबाई. दुसऱ्याच्या हातानं कसा चुकेल?"

त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडचे डॉक्टर ऐकून घेऊन म्हणाले, या रोगात मधेच आकडे वर येतात, टिकत नाहीत. कारण लेखी द्या, सहीनिशी. कारण नसेल तर सोमवारी तिला पाठवा. ही जागा सोडली तर पुढची सहा महिन्यांनी आहे.

फोन ठेवून नदाफांनी मनाशी हिशेब मांडला. अहवाल खोटा असला आणि तिला थांबवले, तर ती सहा महिने काढणार नाही. खरा असला आणि तिला पाठवले, तर जे काही तिला तारते आहे ते सोमवारी औषधाने जाळले जाईल.

गुरुवारी कोमलला एकटीला बोलावले. कैवल्य तासगावातच राहिला. वृषालीने नव्या सुईने, नव्या नळीत, नदाफांच्या देखत रक्त घेतले. जाताना कोमल म्हणाली, "पाच महिनं झालं रक्त चढवून. मला वाटलं, आता शरीरच सवय करून घेतंय कमी रक्ताची. म्हणून बोलले नाय."

शुक्रवारी निकाल आला. पुन्हा एकेचाळीस.

"आता दोनच गोष्टी उरतात," नदाफ म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "एक, तेव्हा औषध वारेतून आईत गेलं आणि तिच्या पेशींवर लिहिलं गेलं. दोन..."

"दोन, पेशीच आल्या," वृषाली म्हणाली.

"बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात हे जुनं ज्ञान आहे. लाखात दोन-चार. नऊ महिने आईचं शरीर बाळाला परकं मानायचं नाही असं ठरवतं, त्यात या निसटून आत येतात आणि तीस-तीस वर्षं राहतात. पण कुणाच्या लक्षातही येत नाहीत, इतक्या कमी असतात."

"थकलेल्या मज्जेत न थकणारी एक जरी मूलपेशी आली असेल तर, सर? आठ वर्षं आहेत तिच्या हातात."

नदाफ उठून उभे राहिले. दोन्ही शक्यता वेगळ्या करायला सोपी कसोटी होती. कैवल्य मुलगा. त्याच्या प्रत्येक पेशीत वाय गुणसूत्र असणार, कोमलच्या स्वतःच्या एकाही पेशीत नसणार. निवडयंत्र एकेक पेशी वेगळ्या कप्प्यात टाकत गेले आणि वाचनयंत्र वाचत गेले. जिथे नाव होते तिथे वाय होते. दर वेळी. जिथे नाव नव्हते तिथे वायही जवळजवळ नव्हतेच.

दोघे पडद्यासमोर उभे होते. एका छत्तीस वर्षांच्या बाईच्या हाडांत तिचा मुलगा बिऱ्हाड करून राहिला होता. ती शेडवर काम करत होती, स्वयंपाक करत होती, मरणाची तयारी करत होती, आणि आतमध्ये तो तिचे रक्त बनवत होता. कुणी त्याला सांगितले नव्हते. सुई टोचली नव्हती, अर्ज भरला नव्हता, नैतिकता मंडळाची परवानगी घेतली नव्हती.

"उद्या कोरा नमुना येऊ द्या," नदाफ म्हणाले. "मग सही करतो."

कोरा नमुना हा केंद्राचा नियम होता आणि तो नदाफांनीच केला होता. कुठल्याही कसोटीबरोबर, जिच्यात काहीच सापडता कामा नये अशा एका व्यक्तीचे रक्त त्याच यंत्रातून चालवायचे. तिथे शून्य आले तरच यंत्र स्वच्छ. शून्य नसेल तर आधीच्या कुणाच्या तरी पेशी यंत्रात चिकटून राहिल्या आहेत असे धरून सगळा निकाल रद्द. वायच्या कसोटीला कोरा नमुना म्हणून मूल न झालेली बाई लागे. दात्यांच्या वहीत तसे एकच नाव होते, वृषाली चौगुले. वय, रक्तगट, मग 'अपत्ये' या रकान्यात 'नाही', आणि त्यांतली किती जिवंत हे लिहायच्या शेवटच्या 'हयात' या रकान्यात एक आडवी रेघ. ही कसोटी आजवर कधी लागलीच नव्हती, त्यामुळे तिचा नमुनाही कधी चालवलेला नव्हता.

शनिवारी सकाळी निकाल आला. लाखात तीन.

नदाफांनी कागद दोनदा वाचला. "कैवल्यचं रक्त मंगळवारी याच यंत्रातून गेलं होतं. चिकटून राहिलंय."

"लाखात तीन आणि शंभरात एकेचाळीस यांत फरक आहे, सर."

"तुम्हाला दिसतो, मला दिसतो. पण यंत्र घाण आहे म्हटल्यावर किती घाण आहे हे मी कशावरून ठरवू? उद्या पुण्याच्या माणसानं विचारलं तर काय सांगू, नियम माझा होता पण शनिवारी मोडला?" त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "यंत्र उघडून धुवायला दहा दिवस. तोवर ती पुण्यात असेल."

वृषालीने फळ्याकडे पाहिले. कालपासून 'लाखात दोन-चार' हे शब्द तिने कितीतरी वेळा उच्चारले होते. फळ्यावर लिहिलेही होते. ते लिहिताना आपल्याबद्दल लिहितो आहोत असे तिच्या मनात एकदाही आले नव्हते. वीस वर्षे पेशी बघणाऱ्या बाईची ही चूक होती, आणि ती चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती.

"यंत्र स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"त्या तीन पेशी अजून कप्प्यांत आहेत. फक्त वाय बघितलंय, पूर्ण वाचलेल्या नाहीत. कैवल्यच्या असतील तर त्यांच्यावर नाव असेल."

"वाचायच्या म्हणजे फोडाव्या लागतील."

"माहीत आहे."

ती आत गेली. तीन कप्पे, एकेकात एक पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतर पांढऱ्या पेशींसारख्याच दिसत होत्या, गोल, मधे जांभळा डाग. वाचायला द्रव घातला की त्या विरघळणार होत्या. तिने नळी हातात घेतली, खाली ठेवली, स्टुलावर बसली. एकेकीकडे नीट बघून घेतले. मग उठून तिन्ही कप्प्यांत द्रव सोडला.

चार वाजता यंत्राने वाचन संपवले. तिन्ही पेशींवर नाव नव्हते. त्या कैवल्यच्या नव्हत्या. तिने पडद्यावर शेजारी स्वतःचा जनुकसंच उघडला आणि दोन्ही ओळी जुळवायला लावल्या. प्रत्येक जोडीतले एक अक्षर तिच्याशी जुळत होते. दर ठिकाणी एक तिचे आणि एक दुसऱ्या कुणाचे. अर्धी ती होती.

नदाफ केव्हा मागे येऊन उभे राहिले ते तिला कळले नाही. त्यांनी पडदा वाचला. असे जुळणे कुणात असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारले.

"सोळा. पुण्याला होते तेव्हा. सातवा महिना होता. ठोके थांबले." ती पडद्याकडेच बघत होती. "मुलगा होता हे नंतर सांगितलं. बघायला दिला नाही. बघू नका म्हणाले, त्रास होईल. मग इकडे आले, एकटीच. लोक विचारायचे, मूलबाळ? मी नाही म्हणायचे. खोटं नव्हतं ते."

"वहीत..."

"वहीत अपत्ये विचारलंय, सर. किती दिवस गेले होते असं नाही विचारलेलं."

नदाफ शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांना सांत्वन करता येत नसे आणि ते त्यांना माहीत होते. त्यांनी खिशातून पेन काढले, निकालाचा कागद उलटा केला आणि गणित मांडले. अंगात पाच लिटर रक्त. त्यात पांढऱ्या पेशी साधारण साडेतीन हजार कोटी. लाखात तीन म्हणजे...

त्यांनी उत्तराखाली रेघ मारून कागद तिच्याकडे सरकवला. "तीन फोडल्यात तुम्ही. हे बाकीचे."

दहा लाखांच्या वर आकडा होता. सांगली-मिरज मिळून जेवढी माणसे राहत असतील त्याहून जास्त. वृषालीने तो वाचला आणि मग तिला रडू आले. सोळा वर्षांत प्रथमच, प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटाच्या बाहीत. नदाफ उठून चहा सांगायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

रविवारी सकाळी त्यांची अकरावीतली मुलगी कुरकुरत केंद्रात आली आणि तिने कोऱ्या नमुन्यासाठी रक्त दिले. निवडयंत्रातून तिच्या एक लाख पेशी गेल्या. वाय शून्य. नदाफांनी अहवालावर सही केली आणि कारण म्हणून दोन ओळी लिहिल्या, ज्या लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

दुपारी कोमल आली ती पुण्याची बॅग भरूनच. बरोबर कैवल्य होता. तो सरळ फिरत्या खुर्चीवर जाऊन बसला.

वृषालीने तिला सगळे सांगितले. विकर, वाय यांतले काही नाही. फक्त पेशी, नाव आणि ती कुठे सापडली ते. कोमलने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजे ह्याचं रक्त माझ्यात?"

"रक्त बनवणारं बी. पोटात होता तेव्हाच आलंय. तेव्हापासून वाढतंय."

कोमलने मुलाकडे बघितले. "मग त्याला कमी पडंल का?"

सहा दिवस या कसोटीच्या मागे असलेल्या दोन शास्त्रज्ञांच्या मनात हा प्रश्न आला नव्हता. नदाफांनी घसा साफ केला. "नाही पडणार. त्याचं त्याला भरपूर आहे."

"आन् पुणं?"

"जायचं नाही," वृषाली म्हणाली. "तिथलं औषध आधी मज्जा जाळतं. हाच जळला असता."

कोमल एवढा वेळ ताठ बसली होती, ती आता खुर्चीत मागे टेकली. पदराने तोंड पुसले. नंतर जे हसली ते जरा ओलेच होते. "शेजारनीचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात. कुणी शिकवलं वं ह्याला?"

कैवल्यने खुर्ची थांबवली. "आईमध्ये मी किती आहे?"

"शंभरात एकेचाळीस."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. "पस्तीसला पास असतं," तो म्हणाला आणि पुन्हा फिरू लागला.

निघताना वृषालीने मागच्या वर्षीचा डबा आणून दिला. झाकणावर 'कोमल स. झांबरे' असे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते. डबा भडंगाने गच्च भरला होता. कोमलने तो हातात तोलून बघितला आणि वृषालीच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

सोमवारी सकाळी दहाला, ज्या वेळी कोमल पुण्यात दाखल व्हायची होती त्या वेळी, वृषालीने दात्यांची वही काढली. कोऱ्या नमुन्यासाठी आपण चालणार नाही अशी नोंद करणे नियमाने आवश्यक होते. तिने आपले पान उघडले. 'अपत्ये' या रकान्यातल्या 'नाही'वर रेघ मारली, बाजूला 'एक, मुलगा' असे लिहिले आणि तारखेसह सही केली.

शेवटचा रकाना राहिला. 'हयात'. तिथे तिच्याच हातची जुनी आडवी रेघ होती. चुकीचे किंवा अर्धवट काही लिहून ठेवायची तिला सवय नव्हती, म्हणून ती थोडा वेळ पेन धरून बसली. मग रेघेच्या वर, बारीक पण स्वच्छ अक्षरात तिने लिहिले : लाखात तीन.